अभ्यासातील कल्याणमित्र : प्रा. उरी ट्राइसमन यांच्या कार्यापासून घ्यावयाचा धडा

भगवान बुद्धांचे उपस्थापक आनंद एकदा त्यांना म्हणाले, की कल्याणमित्रांची संगत म्हणजे अर्धे ब्रह्मचर्य होय. तथागतांनी त्यांना तेथेच थांबवले. अर्धे नव्हे, ते संपूर्ण ब्रह्मचर्यच होय, असे त्यांनी सांगितले. संयुत्त निकायातील हा प्रसंग वर्षावासाच्या प्रवचनांत आपण अनेकदा ऐकतो. 'साधु, साधु' म्हणतो आणि घरी जातो. परंतु हीच गोष्ट आपल्या मुलांच्या गणिताच्या पेपरलाही लागू पडते काय, असा प्रश्न आपण कधी विचारला नाही. आम्हीही विचारला नव्हता.

काही वर्षांपूर्वी आपल्या वस्तीतील एक मुलगा बारावीला उत्तम गुण मिळवून अभियांत्रिकीला गेला. संस्थेने त्याचा सत्कार केला. पहिल्याच वर्षी त्याला गणितात केटी लागली. पुन्हा बसला, पुन्हा राहिला. वडील त्याला घेऊन आमच्याकडे आले. आम्ही विचारले, "अभ्यास करतोस ना?" त्याने पिशवीतून तीन दोनशेपानी वह्या काढून पुढे ठेवल्या. तिन्ही भरलेल्या होत्या. आम्ही कलाशाखेचे, त्यातले आम्हाला काही कळले नाही. तरीही आम्ही वडीलकीने म्हणालो, "अजून दोन तास वाढव. बाबासाहेब अठरा तास अभ्यास करीत." तो "हो काका" म्हणाला. त्या वर्षाअखेर त्याने कॉलेज सोडले.

पुढे एकदा बसस्टॉपवर भेटला तेव्हा तो म्हणाला, "काका, मला वाटायचं सगळ्या वर्गाला येतं, फक्त मलाच येत नाही. नंतर कळलं, माझ्या बाकावरच्या दोघांनाही केटी होती."

आमचा सल्ला चुकला होता. तो नेमका कोठे चुकला, हे आम्हाला एका अमेरिकन गणित-प्राध्यापकाचे कार्य वाचल्यावर उमगले. त्यांचे नाव प्रा. उरी ट्राइसमन. त्या कार्याचा परिचय करून द्यावा आणि त्यातून आपल्या अभ्यासिकेसाठी काही घेता येईल का ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अमेरिकेतील उदाहरण कशासाठी?

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा आपल्याला परका नाही. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉईस यांना पत्र लिहिले होते व द्यू बॉईस यांनी त्याला उत्तरही दिले होते. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. तिने ज्यांच्यावरून नाव घेतले ते ब्लॅक पँथर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात उभे राहिले. त्या ओकलंडला लागूनच बर्कली हे गाव आहे आणि तेथे कॅलिफोर्निया विद्यापीठ आहे. आपली हकिकत तेथे घडते.

बर्कलीतील प्रश्न

१९७० नंतरच्या दशकात ट्राइसमन हे बर्कली येथे गणिताचे पदव्युत्तर विद्यार्थी होते. पदवीच्या वर्गांना शिकवण्यात मदत करणाऱ्या साहाय्यकांच्या प्रशिक्षणाचे काम त्यांच्याकडे आले. ते करीत असताना एक गोष्ट त्यांच्या नजरेस खुपली. पहिल्या वर्षाच्या कलनशास्त्रात, म्हणजे आपली मुले ज्याला कॅल्क्युलस म्हणतात त्या विषयात, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची दाणादाण उडत होती. आधीच्या दहा वर्षांत या विषयाचे पहिले सत्र पूर्ण करणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे ६० टक्के विद्यार्थ्यांना 'डी' किंवा 'एफ' श्रेणी मिळाली होती. 'एफ' म्हणजे नापास आणि 'डी' म्हणजे कसाबसा काठावर. कलनशास्त्र गेले की अभियांत्रिकी गेली, वैद्यक गेले, विज्ञान गेले. एका विषयाच्या दारात शेकडो स्वप्ने अडकत होती.

चार समजुती

ट्राइसमन यांनी प्राध्यापकांना विचारले, असे का होते? उत्तरे मुख्यतः चार प्रकारची आली. एक, या मुलांना जिद्द नाही. दोन, शाळेतील पाया कच्चा आहे. तीन, घरी शिक्षणाचे महत्त्व नाही. चार, गरिबी.

वाचकहो, ही चार उत्तरे आपल्याला ओळखीची वाटतात ना? आपल्या मुलांविषयी आपल्याकडेही हीच चार उत्तरे दिली जातात. दुसरे देतात आणि कधी कधी आपणही देतो.

ट्राइसमन यांनी ही उत्तरे मान्यही केली नाहीत आणि रागाने फेटाळलीही नाहीत. त्यांनी ती तपासली. 'कालामांनो, केवळ ऐकीव आहे म्हणून स्वीकारू नका' या आशयाचा जो उपदेश आपण मानतो, त्याच वाटेने हे झाले. तपासाअंती असे दिसले, की ही मुले आपापल्या शाळांतील पहिल्या क्रमांकाची होती. साऱ्या वस्तीचा अभिमान पाठीशी घेऊन ती बर्कलीला आली होती. जिद्द नसती तर ती तेथवर पोचलीच नसती. आईवडिलांनी तर मूल लहान असतानाच त्याला कॉलेजात घालायचे ठरवले होते. प्रवेशपरीक्षेत उत्तम गुण असलेली मुलेही नापास होत होती. कौटुंबिक उत्पन्नाशीही निकालाचा अपेक्षित मेळ बसेना. चारही समजुती त्या मुलांच्या बाबतीत लंगड्या पडल्या.

दोन गट, दोन रीती

मग ट्राइसमन यांनी कागदांवरून नजर काढून माणसांकडे वळवली. त्यांनी २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले. चिनी विद्यार्थी या विषयात चांगले यश मिळवीत होते, म्हणून ते तुलनेला घेतले. सुमारे दीड वर्ष ते या मुलांच्या मागे होते. वसतिगृहात, ग्रंथालयात, खोलीवर. मुले प्रत्यक्ष अभ्यास कसा करतात ते त्यांनी पाहिले.

प्राध्यापक वर्गात सांगत, एका तासाच्या व्याख्यानामागे घरी दोन तास अभ्यास करा. त्या हिशेबाने आठवड्याला आठ तास होत. कृष्णवर्णीय विद्यार्थी प्रामाणिकपणे आठ तास करीत. चिनी विद्यार्थ्यांचे तास सुमारे चौदा भरत. परंतु खरा फरक तासांच्या बेरजेत नव्हता, तो तासांच्या वाटणीत होता. चिनी विद्यार्थी आठ-दहा तास एकट्याने अभ्यास करीत आणि चार-सहा तास एकत्र बसत. संध्याकाळी जमत, कधी मिळून जेवण करीत आणि मग प्रत्येकाने सोडवलेली उदाहरणे ताडून पाहत. एकाचे उत्तर वेगळे आले तर त्याची चूक तेथेच सापडे. कोणालाच उत्तर येत नसेल तर उदाहरणच अवघड आहे हे कळे आणि साहाय्यकाला विचारायला लाज वाटत नसे. जुन्या प्रश्नपत्रिका ते मिळून सोडवीत. आपण वर्गात कोठे उभे आहोत हे प्रत्येकाला ठाऊक असे.

वीस कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी अठरा मात्र कायम एकटेच अभ्यास करीत. याचे कारण मोठे करुण आहे. शाळेत असताना अभ्यास करणाऱ्याची टिंगल होई. म्हणून ही मुले मित्र एका बाजूला आणि अभ्यास दुसऱ्या बाजूला ठेवायला शिकली होती. एकट्याने दार लावून केलेल्या अभ्यासानेच ती बर्कलीपर्यंत आली होती. ज्या गुणाने त्यांना तेथे पोचवले, त्याच गुणाने तेथे त्यांचा घात केला. पेपर चांगला गेला असे वाटे आणि निकाल वाईट लागे. मग ती मुले कोणाला काही न सांगता स्वतःलाच दोष देत. विद्यापीठात मोफत शिकवणीची सोय होती, पण ती 'कच्च्यां'साठी. शाळेत पहिला आलेला मुलगा त्या दारात पाऊल टाकीत नसे.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. गणित कोणा एका वंशाच्या रक्तात असते, असे या अभ्यासातून निघत नाही. उलट निघते ते असे, की यश ही रीत आहे आणि रीत शिकता येते. जन्माने कोणी श्रेष्ठ नसतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

कार्यशाळा कशी चाले?

बर्कलीतील प्राध्यापकांनी १९७४ मध्ये 'प्रोफेशनल डेव्हलपमेंट प्रोग्राम' नावाचा उपक्रम सुरू केला होता. त्यातच ट्राइसमन यांनी १९७८ मध्ये गणिताची कार्यशाळा सुरू केली. तिची चार वैशिष्ट्ये सांगता येतील.

पहिले, ती दुर्बलांसाठी म्हणून काढली नाही. 'तुम्ही हुशार आहात, म्हणून तुम्हाला अधिक अवघड काम देत आहोत', असे निमंत्रणातच सांगितले जाई. दुसरे, ती सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना खुली होती. केवळ एकाच समाजाची वेगळी पंगत तिने मांडली नाही. तिसरे, तेथे पुन्हा व्याख्यान नसे. मुद्दाम निवडलेल्या कठीण उदाहरणांचा कागद दिला जाई. पाच-सात जणांचा गट करून मुले आधी स्वतः झटापट करीत आणि मग एकमेकांना समजावून सांगत. मार्गदर्शक टेबलांमधून फिरे. उत्तर सांगत नसे, प्रश्न विचारी. चौथे, उदाहरणे अशी निवडलेली असत की कोणाचा कोणता पाया कच्चा आहे ते आपोआप उघडे पडे. अपमान न होता दुरुस्ती होई.

परिणाम ठळक दिसला. कार्यशाळेतील कृष्णवर्णीय विद्यार्थी बाहेरच्या आपल्या बांधवांपेक्षा तर पुढे गेलेच, पण प्रवेशपरीक्षेत त्यांच्याइतकेच गुण असलेल्या गोऱ्या आणि आशियाई विद्यार्थ्यांपेक्षाही सरस ठरले. मुले तीच होती, गरिबी तीच होती आणि शाळाही त्याच होत्या. बदलली ती अभ्यासाची सोबत.

दुसऱ्याच्या नजरेचे मोल

असे का घडत असावे? आमच्या बँकेच्या कामातील एक साधे उदाहरण देतो. संगणक येण्यापूर्वी दिवसाअखेर हाताने बेरजा माराव्या लागत. कधी ताळा जमत नसे. ज्याने खतावणी लिहिली तो चार वेळा बेरीज मारी आणि चारही वेळा तीच चूक करी. कारण ४५ च्या जागी लिहिलेले ५४ त्याच्या डोळ्यांना आता बरोबरच दिसू लागलेले असत. शेजारच्या टेबलावरचा सहकारी यायचा, फरकाला ९ ने भाग जातो का पाहायचा आणि म्हणायचा, "आकडे उलटे पडलेत कुठेतरी." पाच मिनिटांत चूक सापडायची. तो सहकारी अधिक हुशार असे असे नव्हे, त्याची नजर दुसरी असे. आणि शेजाऱ्याला बोलावले म्हणून कोणत्याही कारकुनाला कधी कमीपणा वाटला नाही.

अभ्यासाचेही तसेच आहे. शिवाय दुसऱ्याला समजावून सांगताना आपल्याला काय कळलेले नाही, ते आपल्यालाच कळते.

कॅन्सस सिटीतील दुसरा प्रयोग

याच काळात अमेरिकेच्या दुसऱ्या भागात असाच एक प्रयोग झाला. कॅन्सस सिटी येथील मिसुरी विद्यापीठात १९७३ मध्ये श्रीमती डीॲना मार्टिन यांनी 'सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन' नावाची पद्धत सुरू केली. वैद्यक, दंतवैद्यक व औषधनिर्माण या शाखांतील गळती थांबवणे हा तिचा हेतू होता. मार्टिनबाईंनी प्रश्नच उलटा मांडला. कच्चे विद्यार्थी कोण, असे न विचारता त्यांनी विचारले, की कठीण विषय कोणते? ज्या विषयात खूप जण अडखळतात, त्या विषयाच्या साऱ्या वर्गासाठीच मदत ठेवायची. म्हणजे कोणाच्या कपाळी 'कच्चा' असा शिक्का बसत नाही.

त्या विषयात आदल्या वर्षी चांगले यश मिळवलेला विद्यार्थी पुन्हा वर्गात बसतो, टिपणे घेतो आणि आठवड्यातून काही वेळा इतरांना एकत्र बसवतो. तो मास्तर होत नाही. टिपणे कशी ताडावी, प्रश्न कसा फोडावा, हे करून दाखवतो. यायचे की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर असते. १९८१ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने या पद्धतीची आदर्श उपक्रम म्हणून दखल घेतली आणि पुढे ती ब्रिटन, ऑस्ट्रेलियासह अनेक देशांत पसरली.

पुढील कार्य

१९८५ मध्ये ट्राइसमन यांनी याच विषयावरील प्रबंधाला बर्कलीची डॉक्टरेट मिळवली. १९९२ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप हा मोठा सन्मान मिळाला. विद्यार्थी अभ्यास कसा करतात याविषयीचे त्यांचे व्याख्यानही त्याच वर्षी छापून आले आणि गणित-शिक्षकांत खूप वाचले गेले. पुढे ते टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील विभागात प्राध्यापक झाले आणि तेथे त्यांनी चार्ल्स ए. डेना सेंटर ही संस्था उभी केली. अनेक विद्यापीठांत त्यांच्या नमुन्यावर कार्यशाळा निघाल्या.

पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. बाजूला चालवलेली कार्यशाळा चांगली असली, तरी मूळ अभ्यासक्रम आहे तसाच राहिला तर मुले अडकतच राहतात, हे त्यांनी ओळखले. अमेरिकेतील सामुदायिक महाविद्यालयांत असंख्य विद्यार्थी पायाभूत गणिताच्या एकामागून एक वर्गांत अडकून पदवीपर्यंत पोचतच नव्हते. २०१२ पासून डेना सेंटरने टेक्सासमधील अशा महाविद्यालयांबरोबर गणिताचे नवे मार्ग आखले. ज्याला समाजशास्त्र शिकायचे त्याने संख्याशास्त्र शिकावे; प्रत्येकाला त्याच एका दारातून ढकलू नये, असा त्यामागचा विचार आहे.

आपल्यासाठी बोध

कोणी म्हणेल, मग शिष्यवृत्ती वेळेवर न मिळणे, जातीवरून हिणवणे, यांचे काहीच नाही काय? आहे, आणि फार आहे. २००७ मध्ये डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दिल्लीच्या एम्समधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांचा छळ आणि त्यांना एकटे पाडले जाणे नोंदवले आहे. त्याविरुद्धचा लढा चालूच राहिला पाहिजे. परंतु ज्याला इतरांनी एकटे पाडले आहे, त्याला आपणही 'एकट्याने अजून दोन तास बस' असे सांगावे काय? आम्ही तेच केले होते.

दरवर्षी आंबेडकर जयंतीला ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. तो चांगलाच आहे. बाबासाहेबांच्या परिश्रमाला तोड नाही. पण बाबासाहेबांच्या अभ्यासाचे आपण अर्धेच चित्र पाहतो. कोलंबिया विद्यापीठात नवल भथेना हा पारशी मित्र त्यांच्या खोलीत सोबत होता आणि तो आयुष्यभराचा मित्र राहिला. भारतातील जातींविषयीचा त्यांचा सुप्रसिद्ध निबंध ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचला गेला. म्हणजे आपला विचार आधी सहाध्यायांपुढे मांडायचा, त्यांचे प्रश्न ऐकायचे, ही रीत त्यांच्या शिक्षणातच होती. मायदेशी आल्यावर त्यांनी काय केले? १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि तिच्या वतीने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. गरीब मुलाला जेवण आणि छप्पर हवे हे तर खरेच. त्याबरोबर अभ्यास करणाऱ्या मुलाला अभ्यास करणाऱ्यांची सोबतही वसतिगृहातच मिळते.

'शिका' आणि 'संघटित व्हा' हे दोन शब्द आपण दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवले आहेत. शिकणे घरात एकट्याने आणि संघटित होणे मोर्चात. अभ्यासातही संघटित व्हायचे असते, हे आपल्या ध्यानातून सुटले.

भिक्खू संघाची रीत पाहा. वर्षावासाच्या अखेरीस पवारणेच्या दिवशी प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करतो, की माझा काही दोष आपण पाहिला, ऐकला वा आपल्याला त्याची शंका आली असेल तर मला सांगा. थेरही विनंती करतो आणि नवा भिक्खूही करतो. यात कोणाचा अपमान होत नाही. आपली चूक दुसऱ्याला दाखवायला सांगणे ही आपल्याकडे अडीच हजार वर्षांची परंपरा आहे.

अभ्यासिकेसाठी काही सूचना

संस्थेच्या सभासदांनी पुढील गोष्टींचा विचार करावा, अशी विनंती आहे.

१. अभ्यासिकेतील 'शांतता राखा' ही पाटी राहू द्यावी. पण शेजारची खोली किंवा विहाराचा व्हरांडा आठवड्यातून दोन संध्याकाळी दोन-दोन तास 'बोलून अभ्यास' करण्यासाठी ठेवावा.

२. 'कच्च्या विद्यार्थ्यांचा वर्ग' असे नाव कधीही देऊ नये. आम्ही एकदा दिले होते. दुसऱ्या आठवड्यात खुर्च्या रिकाम्या होत्या. विषयाचे नाव द्यावे : 'गणित मंडळ', 'इंग्रजी मंडळ', 'अकाउंट्स मंडळ'.

३. गट पाच ते सात जणांचा असावा. मुली आणि मुले, हुशार आणि मागे पडलेले, सर्वांनी एकत्र बसावे. दुसऱ्या समाजाची मुले आली तर त्यांचे स्वागत करावे.

४. प्रत्येकाने आधी घरी एकट्याने उदाहरणे सोडवून यावे. सोबतीचा अभ्यास म्हणजे वही उतरवणे नव्हे. चिनी विद्यार्थीही एकत्र बसण्यापूर्वी आठ-दहा तास एकटे बसत होते, हे विसरू नये.

५. वरच्या वर्गातील एकाने गटासोबत बसावे. त्याने उत्तर सांगू नये, 'तू हे कसे केलेस?' एवढे विचारावे. सत्कारात पेन देण्यापेक्षा त्याला हे काम द्यावे; तोच खरा सत्कार होय.

६. आपल्या वस्तीतील जी मुले बाहेरगावी शिकायला जातात, त्यांना निघताना एक प्रश्न विचारावा : 'तिथे तू कोणाबरोबर बसून अभ्यास करणार आहेस?' आणि दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली की टक्केवारीच्या आधी पुन्हा तोच प्रश्न विचारावा.

समारोप

विद्यार्थी मित्रांनो, एखादे उदाहरण सुटले नाही तर 'मला येत नाही' असे म्हणण्यापूर्वी शेजाऱ्याला 'तुला आले का?' एवढे विचारा. त्यालाही आले नसेल, तर तुम्ही एकटे नाही हे कळेल. त्याला आले असेल, तर तुम्हालाही येईल. आणि उद्या तुम्हाला आले आणि त्याला आले नाही, तर तुम्ही त्याचे कल्याणमित्र व्हाल.

तो मुलगा आज एका दुकानात हिशेब लिहितो. आपल्या गणित मंडळात संध्याकाळी येऊन बसशील का, असे आम्ही त्याला विचारले आहे. "मी? मी तर नापास झालो होतो, काका," तो म्हणाला. आम्ही म्हणालो, "कुठे अडायला होते ते तुझ्याइतके आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही." तो विचार करून सांगतो म्हणाला आहे. आम्ही वाट पाहत आहोत.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!